ओवाळणीत गेलेलं मैदान

टाकळझरी
२० ऑगस्ट २०२५

सतीश,

वर 'चि.' लिहिलं होतं, खोडलं. हात सवयीनं गेला. आशीर्वाद पाहिजे असतीन तर गोविंदसिंग सरपंचाले माग. शुक्रवारी ग्रामसभेत तुह्या पाठीवर हात ठेवून उभाच होता तो.

फोन तू उचलत नाही. व्हाट्सअपवर म्या लिहिलेलं तुह्यापर्यंत पोचतच नाही, म्हणजे तुनं मले बंद करून टाकलं. बरं केलं. पण माय दर बुधवारी सकाळच्या एसटीनं वाशीमले तुह्यासाठी डबा पाठवते, तो तर तू बंद नाही केला! म्हणून भाकरीच्या फडक्याखाली हे पत्र ठेवून राह्यली. मायले वाचता येत नाही. तिले वाटते बहीण भावाले खुशाली लिहून राह्यली. भाकर खायच्या आधी वाच, मंग घास उतरला तर उतरला.

शाळेतल्यासारखं शुद्ध मी लिहिणार नाही. तुह्या ऑफिसात अर्ज नाही करून राह्यली, सख्ख्या भावाले शिव्या देऊन राह्यली.

आठ पोरी चौकोनात बसल्या होत्या. झेंडावंदन झालं की गावाले खो-खोचा डाव दाखवायचा, हे पंधरा वर्षांपासून चालू आहे. नववी धावून राह्यलती. अन् तुनं त्याच वक्ताले माईक घेतला! या जागेवर आरोग्य केंद्र मंजूर झालं, डॉक्टर येईन, बाळंतपणाची खोली होईन, अमुक होईन, ढमुक होईन. लोकायनं टाळ्या वाजवल्या. माह्या पोरीयनं पण वाजवल्या, बसल्या बसल्या. त्यायले वाटलं आपल्याले काही मिळून राह्यलं. घरी जाताना सुकेशनीनं विचारलं, "ताई, या जागेवर म्हणजे कोणत्या जागेवर?" मले सांगता नाही आलं. तू सांग. तुले तर माईकवर बोलता येते.

दवाखान्याले माहा विरोध नाही. हे मी सभेत दहा वेळा ओरडून सांगतलं अन् दहाही वेळा गोविंदसिंग म्हणे, ताई बसा. टेकडीमागे ई-क्लासची सरकारी जागा पडली आहे, तिथं बांध. तू म्हणतो तिथं रस्ता नाही, पाणी नाही, खडक आहे. अरे, तू इंजिनिअर ना? का खडक पाह्यला की इंजिनिअरचं डोकं बंद पडते?

गावात एक सपाट जागा आहे. ती सपाट काही देवानं करून नाही दिली, पोरीयनं केली. त्या मैदानातून दोन पोरी पोलिसात गेल्या. राजपालची थोरली एसटीत कंडक्टर झाली, तुहा डबा तीच आणते. तिच्या वयाच्या बाकीच्या पोरीयची लग्नं सोळाव्या वर्षी झाली, तिचं नाही झालं. काहून नाही झालं? बाप म्हणे, पोरगी सामन्याले चालली, परतली की पाहू. असे तीन वर्ष पाहू-पाहू केले आमी.

तुही बायको गेली, मले माहीत आहे. सपना तुही बायको व्हायच्या आधी माही मैत्रीण होती, ते तू विसरला असशीन. तिच्यासाठी दवाखाना बांधायचा तर बांध, पण माह्या पोरीयच्या छातीवर काहून? तुले दवाखाना नाही बांधायचा सतीश, तुले माहं मैदान मोडायचं आहे. तोंडानं म्हण ना एकदा.

अन् एक. सभेत कोणीतरी म्हणे की रेणूताईच्या पोरी जीपनं फिरतात, गावाचा पैसा उडवतात. खोटं आहे. आमी बाहेरगावी एसटीनं जातो, पहाटे उठून, दोन बस बदलून. पाच वर्ष झाले, जीप नाही घेत. काहून नाही घेत ते विचारू नको.

रेणू

टाकळझरी
१० सप्टेंबर २०२५

सतीश,

डबा धुऊन आला, पत्राचं उत्तर नाही आलं. तीन बुधवार वाट पाह्यली.

मंग म्या माह्या मनानं काम केलं. तालुक्याले जाऊन मोजणीचा अर्ज टाकला, तातडीची मोजणी. एकसष्ट सह्या आहेत त्यावर, बाया-माणसं सगळ्यायच्या. एकदा मोजणी होऊन कागदावर आलं की हे मैदान सरकारी आहे, गावाच्या खेळाचं आहे, की मंग पाहू तू कोणत्या तोंडानं कुदळ मारतो. वकिलानं सांगतलं, ताई, अर्ज एकदम पक्का आहे. आता तू पाय, तुही ताई काय करते ते.

मायसोबत बोलणं बंद आहे. ती म्हणे, मोजणी कायले बोलावली? म्हटलं, तुह्या लाडक्याची जिरवायले. ती गहू निवडत बसली. तिचा चेहरा कसातरी झाला होता, पण मी त्या वक्ताले रागात होती.

तुले त्या मैदानाचं काय माहीत? तू दहावीनंतर वाशीमले गेला, मंग पुण्याले. आपल्याकडची काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात पायाले शेरभर चिकटते. त्यात खो-खो खेळता येते का? आपल्या आबानं मुरूम टाकून दिला होता बैलगाडीनं. अन् वरची माती पोरीयनं आणली. नवी पोरगी खेळायले आली की पहिल्या दिवशी तिनं घरून एक घमेलं माती आणायची, चाळून. वावर असन तर वावरातली, नसन तर अंगणातली. तांड्यावरची नानीबाई नातीसोबत स्वतः घमेलं डोक्यावर घेऊन आली होती, म्हणे आमचं वावर नाही पण चुलीमागची माती चांगली आहे. राजपालच्या घरची आहे, सरपंचाच्या घरची आहे. शेजारी बसून जेवत नाहीत ते लोक, पण त्यायची माती एका जागी आहे.

सपनाची पण आहे. ती माहेरच्या रिठदकडून खेळायची, आमच्याविरुद्ध. तिच्यासारखा खांबावरून सूर मारणारी मी दुसरी नाही पाह्यली. मीच तिले पसंत केली तुह्यासाठी, सामना हरल्यावर! लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली अन् येताना पिशवीत माती घेऊन आली. माय म्हणे, अगं माहेराहून पोरी लाडू आणतात, तू ढेकळं काय आणले? ती हसली अन् मैदानावर जाऊन चाळत बसली. नवी नवरी, हातात हिरवा चुडा. तू तेव्हा घरात झोपला होता.

त्या मातीवर तू सिमेंट टाकणार. शाबास!

अन् मायजवळ तू म्हटलं म्हणे, "ताईले माणसापेक्षा खेळ मोठा." हे मायनं नाही, शेजारणीनं सांगतलं मले. सतीश, ज्या दिवशी सपना गेली त्या दिवशी तू कुठं होता? नागपूरले, ट्रेनिंगमध्ये. बायकोचे दिवस भरत आले अन् हा ट्रेनिंगमध्ये. आधी आपल्या दिव्याखालचा अंधार पाय. मंग दुसऱ्याले बोल.

रेणू

टाकळझरी
१ ऑक्टोबर २०२५

सतीश,

हस. मनसोक्त हस. ऑफिसातल्या लोकायले पेढे वाट.

सोमवारी मोजणीवाले आले मशीन घेऊन. अर्धं गाव जमलं होतं. मीच बोलावलं होतं ना सगळ्यायले! चहा पण मीच केला. ते इकडून तिकडे फिरले, खुणा लावल्या, मंग चुना टाकायले लागले. आमच्या पांढऱ्या रेघेवरून त्यायची पांढरी रेघ गेली. मी म्हटलं, साहेब, सरकारी जागा कुठून सुरू होते? त्यानं टेकडीकडे हात दाखवला. म्हटलं, मंग हे मैदान? तो कागद पाहून म्हणे, "हे तर ग्यानबायचं खाजगी वावर आहे. तुमचेच वडील ना, ताई?"

आधी गोविंदसिंग हसला. त्याच्यामागे बाकीचे हसले. मी हातात चहाची केटली घेऊन उभी.

मायच्या घरी जाऊन तिले विचारलं. तिले सगळं माहीत होतं. आबानं पाऊण एकर वावर पोरायले खेळायले सोडून दिलं अन् कोणाले सांगतलं नाही. सांगतलं असतं तर भाऊबंद म्हणाले असते, तुले नको तर आमाले दे. म्हणून सरकारी आहे म्हणून सांगायचा सगळ्यायले. पंचायतनं 'सार्वजनिक क्रीडांगण'चा बोर्ड लावला तेव्हा त्यानंच खड्डा खणून दिला. मेला तरी बोलला नाही. असा कसा माणूस गं, म्हटलं मायले. माय म्हणे, तुह्यासारखाच, तोंडाचा फाटका अन् मनाचा बंद.

अन् तुले पण माहीत होतं! तुले माहीत होतं, तरी ग्रामसभेत तू माहा तमाशा पाहत बसला. मी सरकारी सरकारी म्हणून बोंबलून राह्यलती अन् तू चष्मा पुसत होता.

आता मले भाऊबीज आठवून राह्यली, २०१८ ची. आबा त्याच उन्हाळ्यात गेला होता. म्या तुले ओवाळलं. तुनं ताटात साडी ठेवली, मोरपंखी रंगाची, अन् साडीखाली स्टॅम्पपेपर. म्हणे, ताई, हक्कसोड आहे, नाल्याकाठच्या वावराची, सगळ्याच बहिणी करतात, इथं अन् इथं सही. म्या केली. बाईनं बापाच्या जमिनीत वाटा मागतला की तिचं माहेर बंद, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरीले पण माहीत असते. सपना तिथंच उभी होती पोळपाट घेऊन. ती म्हणे, "ताई, वाचून तर घ्या." अन् मी हसली. म्हटलं, भावाचा कागद वाचते का कोणी?

त्या कागदात हे मैदान होतं का सतीश? मायले विचारलं, ती म्हणे दोन्ही वावरं होती, तुनंच तिले सांगतलं होतं. म्हणजे एका साडीत म्या मैदान देऊन टाकलं. माह्या हातानं. पंधरा वर्ष ज्या मैदानासाठी नवऱ्याचं ऐकलं, सासूचं ऐकलं, गावाचं ऐकलं, ते म्या न वाचता देऊन टाकलं. मूर्ख मी आहे, मान्य. पण चोर तू आहे.

साडी परत पाठवून राह्यली डब्यासोबत. एकदाच नेसली आहे.

रेणू

टाकळझरी
८ ऑक्टोबर २०२५

इंजिनिअर साहेब,

अहाहा! डब्यातून पहिल्यांदा काहीतरी आलं. सरकारी फॉर्म, 'संमतीपत्र', जागा दान देण्याबाबत. जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारली आहे, अन् सोबत चिठ्ठी. चिठ्ठी कसली, तार म्हणा. "ताई, सही लागते. ३१ तारखेपर्यंत जागेचे कागद नाही गेले तर केंद्र दुसऱ्या गावाले जाईन. सतीश." पाच वर्षांत तुनं मले लिहिलेलं एवढंच.

मले कळेना, सगळं तर तुले देऊन बसली, मंग माही सही कायले? तलाठ्याकडे गेली. त्यानं सातबारा काढून दाखवला. नाल्याकाठच्या वावरावर माहं नाव, मैदानावर माहं नाव. म्हणे, ताई, हक्कसोड रजिस्टर करावी लागते. नुसती स्टॅम्पवर लिहून पेटीत ठेवली तर ती रद्दी. तुनं रजिस्टर केलीच नाही! आळस केला, का सपना गेल्यावर जीव नाही लागला कशात, तुलेच माहीत. पण आता तुह्या दवाखान्याची चावी माह्या कमरेले आहे.

मी सही करणार नाही. ऐकलं का? फॉर्म देव्हाऱ्यात ठेवला आहे, हळद-कुंकू वाहून. रोज सकाळी पाहते अन् मैदानावर जाते.

लोक घरी येऊन राह्यले. गोविंदसिंग येऊन गेला, हात जोडून. त्या दिवशी हसला होता तोच. म्हटलं, सरपंच, ताई बसा म्हणत होते ना तुमी? पाहा, बसली. दौलतसिंग जीपवाला पण आला होता. तो मात्र आत नाही आला, दारातून म्हणे, ताई, विचार करा. अन् पायातल्या धुळीकडे पाहत निघून गेला. त्याच्यावर मी ओरडली नाही. त्याच्यावर मले ओरडता येत नाही.

मायच्या घरी गेली तर ती जेवायले वाढते अन् तोंड फिरवते. काल म्हणे, "नातीले पाह्यले जीव तुटते माहा. तू सही कर, मंग तो येईन छकुलीले घेऊन." म्हणजे आता पोरीचा भाव लावला का तुनं? पाच वर्षांची पोरगी, आत्याचं तोंड तिले माहीत नाही. दर रविवारी तू मायकडे येतो अन् गावातल्याच माह्या दारावरून गाडी वळवतो. मागच्या सीटवर एक लाल रिबिन दिसते मले खिडकीतून, तेवढीच. म्या काय केलं तिचं?

उत्तर देऊ नको. विचारलं नाही, लिहून गेली.

रेणू

टाकळझरी
१५ ऑक्टोबर २०२५

सतीश,

हे पत्र एका बैठकीत लिहून राह्यली. मधात थांबली तर फाडून टाकीन.

शनिवारी सराव झाल्यावर पोरी चपला घालून राह्यल्या होत्या. पुढच्या महिन्यात रिसोडले सामने आहेत. सुकेशनी माही कप्तान आहे, राजपालची धाकटी. ती थांबली अन् म्हणे, "ताई, आपण सामन्याले एसटीनंच जाऊ ना?" म्हटलं, हो, नेहमीसारखं. म्हणे, "माह्या वहिनीचे दिवस भरत आले. जीप गावातच राह्यली पाहिजे." म्हटलं, जीपचा अन् आपला काय संबंध? आपण कधी घेतो का जीप? तर ती पोरगी खाली पाहून म्हणे, "सगळ्या गावाले माहीत आहे ताई, तुमी जीपमध्ये काहून नाही बसत ते."

सगळ्या गावाले माहीत आहे. मले वाटे, मी अन् दौलतसिंग दोघंच जाणतो. अन् तू जाणतो, पण बोलत नाही. पाच वर्ष मी त्या मैदानावर शिट्टी वाजवून राह्यली अन् पंधरा वर्षांची पोरगी पण जाणून होती. माह्या पायाखालून जमीन सरकली, मोजणीच्या दिवशी सरकली त्याहून जास्त.

तर ऐक. १२ जानेवारी २०२०. गावात एकच जीप, दौलतसिंगची. ती म्या सामन्याले नेली, बारा पोरी घेऊन, रिसोडले. मायनं ट्रॅक्टर शोधला. ट्रॉलीत गादी टाकली. पोरगी घरीच झाली, पण सपनाचं रक्त थांबत नव्हतं, अन् वाशीम यायच्या आधीच ती गेली. हे तुले माहीत आहे.

आता जे तुले माहीत नाही ते. आदल्या दिवशी सपनानंच सांगतलं मले, "जीप घेऊन जा ताई, डॉक्टरनं पंधरा दिवस पुढची तारीख दिली आहे. पोरी फायनलले कधी पोचल्या होत्या? माह्यासाठी थांबल्या तर मी बोलणार नाही तुमच्याशी." हे मी कोणाले नाही सांगतलं. मेलेल्या बाईच्या डोक्यावर आपलं पाप ठेवते म्हणाले असते लोक. तू पण म्हणाला असता. तुले विश्वास ठेवायचा तर ठेव, नाही तर नको. मले सुटायचं आहे म्हणून सांगून राह्यली, तसं समज.

पण सुटत नाही, कारण अजून एक आहे. तू अठरा मिस्ड कॉल मोजले होते माह्या फोनमध्ये, दवाखान्याच्या व्हरांड्यात, आठवते? म्या सांगतलं, फोन पिशवीत होता, कळला नाही. सतरा नाही कळले. पहिला कळला होता. पहिल्या डावानंतर पाणी प्यायले आली, पिशवीत उजेड दिसला, मायचं नाव. म्हटलं, असन काहीतरी, चहापत्ती सरली असन. डाव संपला की लावते. आमी दोन गुणांनी पुढे होतो.

आमी जिंकलो सतीश. तो कप अजून माह्या घरी आहे, पोत्यात गुंडाळून, माळ्यावर.

पहिल्या फोनवर निघाली असती तर जीप पोचली असती का, हे मले नाही माहीत. दौलतसिंगले विचारलं होतं एकदा. तो म्हणे, ताई, रस्ता तेव्हा असा नव्हता, कायले विचारता. म्हणजे त्यानं पण हिशोब केला असन.

तू एकदा, फक्त एकदा, माह्या तोंडावर म्हटलं असतं की ताई, तुनं माही बायको मारली, तर मी भांडली असती. आरडाओरडा केला असता, रडली असती, तुनं दोन ठेवून दिल्या असत्या. पण तू बोलला नाही. तू दवाखाना काढला अन् माह्याच मैदानावर आणून ठेवला. अन् मी पाहत राह्यली की हा बरोबर करून राह्यला का सूड घेऊन राह्यला. मले अजून नाही कळलं. दोन्ही असन. तू आपल्या बापाचा पोरगा आहे.

मले तुहा राग येते. खूप येते. हे लिहिल्यावर पण कमी नाही झाला.

रेणू

टाकळझरी
२९ ऑक्टोबर २०२५

सतीश,

डब्यात वरच्या खणात भाकर, मधल्यात मायनं केलेले अनारसे. खालच्या खणात फॉर्म आहे, प्लास्टिकमध्ये, तेल लागू नये म्हणून. सही केली आहे. यावेळी वाचून केली, शेवटच्या ओळीपर्यंत, अन् दोन शब्द नाही कळले तर तलाठ्याले विचारून आली. राजपालची थोरली डबा स्वतः तुह्या हातात देईन, आज कंडक्टरच्या सीटमागे नाही ठेवणार.

भाऊबीजेले मायनं दोन पाट मांडले होते. तू नाही आला. सहावं वर्ष. निरांजन विझेपर्यंत मी बसली, मंग उठून कामाले लागली. काय काम ते सांगते.

हक्कसोडीचा तो जुना कागद मायनं पेटीतून काढून दिला. तो म्या चुलीत घातला. नाल्याकाठच्या वावरात माहा पण वाटा आहे, सातबारा तसं म्हणते. तो मी सोडत नाही. तुले पाहिजे तर कोर्टात जा, मी पण येईन. माहेर बंद होईन म्हणशीन तर ते तसंही सहा वर्षांपासून बंदच आहे.

तुही तूर उभी आहे तिथं, फुलावर आलेली. रस्त्याच्या अंगाची म्या कापली. ओरडू नको, पुरी नाही कापली. सत्तावीस मीटर लांब अन् सोळा मीटर रुंद, वर फिरायले थोडी. टेप लावून मोजली, बोटभर पण जास्त नाही घेतली. दौलतसिंगनं अन् राजपालनं मैदानावरचे दोन्ही खांब उपटून तिथं गाडले. गोविंदसिंगनं मुरमाचे दोन ट्रॅक्टर दिले. मागतले नव्हते, लाजेनं दिले असतीन. आता पोरी जुन्या मैदानावरची माती घमेल्यानं नेऊन राह्यल्या, जेवढी वरची निघते तेवढी. तुहा जेसीबी येण्याआधी आमचं झालं पाहिजे. नानीबाई काठी टेकत येऊन गेली, म्हणे माह्या चुलीमागची आधी उचला.

दवाखाना बांध. चांगला बांध. भिंतीले ओल आली तर तुह्या ऑफिसात येऊन बसीन. बाळंतपणाच्या खोलीले खिडकी रस्त्याकडून ठेव. अन् रात्रीचा डॉक्टर हजर राहीन असं लेखी घे, नुसत्या कोनशिला लावू नको.

राजपालच्या सुनेले सोमवारी मुलगा झाला. कळा दुपारीच सुरू झाल्या, जीप दारात होती, वाशीमले वेळेवर पोचली. मी मैदानावर होती तेव्हा. जीप जाताना दिसली, अन् म्या शिट्टी वाजवून डाव थांबवला. काहून थांबवला ते मले पण नाही कळलं. पोरी तशाच बसून राह्यल्या चौकोनात, जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत.

माहा राग गेला असं समजू नको. तुहा पण गेला नसन. साडीखाली कागद ठेवला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, अन् पहिला फोन तू विसरू नको. पण सहा भाऊबीजा तुनं माह्या ताटात काही नाही टाकलं. यंदा ओवाळणी म्या माह्या हातानं घेतली, तुरीच्या वावरातून. आता ओवाळणीवरून बोलायचं काम नाही.

एकच राह्यलं. नवं मैदान आहे, तर सगळ्या पोरीयनं पुन्हा एक घमेलं आणायचं ठरलं. छकुलीले पाठव. तू नको येऊ, तिले पाठव. तिचं घमेलं म्या घेऊन ठेवलं आहे, लहान, कडी असलेलं. जुन्या मैदानावर पूर्वेचा खांब होता तिथली हातभर माती आमी उचलली नाही, तशीच ठेवली आहे. रिठदची आहे ती. तिच्या मायनं चाळलेली आहे, पण तिनं पुन्हा चाळायची. नियम सगळ्यायले सारखा.

जेसीबी यायच्या आधी पाठव.

रेणू